गुरुजींचा प्रश्न आणि कलम ४३ अ

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी वाचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. मीही चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांच्या खात्यातून ३ लाख १२ हजार रुपये गेले. बातमी मीच दिली. जिल्ह्याच्या पानावर, दोन कॉलम, ‘ओटीपी सांगितला, तीन लाख गमावले’. खाली नेहमीचं शेपूट, की अनोळखी व्यक्तीला ओटीपी देऊ नये असं आवाहन पोलिसांनी केलं आहे. असल्या बातम्या मी आता झोपेतही लिहू शकतो. वय आणि रक्कम बदलायची, बाकी साचा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ऑफिसात आले. (ऑफिस म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.) हातात पेपर होता. नाव छापलं नव्हतं, पण गावात कुणाला कळायचं राहतं? मला वाटलं, आता रागावणार. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बातमी बरोबर आहे रे. ओटीपी मीच सांगितला. चूक माझी. पण तू एक विचारलंच नाहीस. त्या माणसाला तुझ्या काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं माहीत?"

मी खरंच विचारलं नव्हतं.

झालं होतं असं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खासगी विम्यातून १ लाख ८० हजार मंजूर झाले, ४२ हजार कापले गेले. दीड महिन्याने फोन आला. फोनवरच्या माणसाने पॉलिसी नंबर सांगितला, दवाखान्याचं नाव सांगितलं, ऑपरेशनची तारीख सांगितली आणि म्हणाला, कापलेले ४२ हजार तुम्हाला परत द्यायचे आहेत. गुरुजी म्हणाले, "कापलेली रक्कम मी पोरालासुद्धा सांगितली नव्हती. लाज वाटली, की आपल्याला कागद नीट वाचता आला नाही. ती रक्कम दवाखान्याला माहीत, विमा कंपनीला माहीत, मधल्या कागद तपासणाऱ्या एजन्सीला माहीत आणि आम्हा दोघांना. मग पाचवा कुठून आला?"

गुरुजींनी १९३० वर फोन केला होता, तक्रारही दाखल झाली होती. ६१ हजार कुठल्यातरी खात्यात गोठवले गेले, बाकीचे पुढे गेले. पोलिसांचा तपास फोन करणाऱ्याचा. बँकेचं म्हणणं, ओटीपी तुम्ही दिलात. विमा कंपनीचं कॉल सेंटर म्हणालं, आम्ही ग्राहकाची माहिती कुणालाही देत नाही, आणखी काही मदत करू शकतो का? चोर सापडला तर सापडला. पण ज्याच्याकडे घराची किल्ली विश्वासाने ठेवली होती, त्याने ती कुठे टाकली, हे विचारायची जागा कुठली? त्याने भरून द्यायला नको का?

मी गुरुजींना म्हणालो, बघतो. आणि बघायला लागलो तर मला अशी एक गोष्ट सापडली, जी माझ्या डोळ्यांसमोर घडली होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

थोडं मागे जाऊ. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू. तेव्हा या खात्याचे मंत्री होते आपलेच प्रमोद महाजन. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ साली एक नमुना कायदा केला होता, त्यावर आपला बेतलेला. हेतू व्यापाराचा. ई-मेलवर झालेला करार खरा धरायचा का, कागदावरच्या सहीऐवजी डिजिटल सही चालेल का, असले प्रश्न. त्यात कलम ४३ होतं. कुणी परवानगीशिवाय तुमच्या संगणकात घुसला, माहिती पळवली, तर त्याने एक कोटीपर्यंत भरपाई द्यायची. म्हणजे चोराने द्यायची. ज्या कंपनीने माहिती निष्काळजीपणे उघडी ठेवली, तिच्याबद्दल भरपाईचं काही नव्हतं.

आता या महाराष्ट्रात ग्राहकाचा हक्क म्हणजे काय हे काही २००० साली नव्याने शिकायचं नव्हतं. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, लोक एकत्र येऊन महिन्याचा किराणा घेऊ लागले. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्या कायद्याची ताकद साधी होती. माणसाने स्वतः यायचं, वकील नसला तरी चालेल, आपलं म्हणणं मांडायचं आणि नुकसान झालं असेल तर भरपाई त्याच्या हातात. सरकारी तिजोरीत नव्हे, त्याच्या हातात. पण संगणकाचा कायदा करताना हा धडा कुणी जोडीला घेतला नाही. दोन कायदे दोन वेगळ्या खोल्यांत वाढले.

मग आलं २००५. मी तेव्हा पुण्यात होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा करत, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. आमच्या खोलीतल्या चौघांपैकी दोघं कॉल सेंटरला. रात्री गल्लीच्या तोंडाशी क्वालिस यायची, पोरं इस्त्रीचे शर्ट घालून जायची, सकाळी आम्ही उठायच्या वेळी परत यायची. एकाचं नाव तिकडे ‘स्टीव्ह’ होतं. पगार ऐकून आम्हा डिप्लोमावाल्यांच्या पोटात कालवायचं.

त्या एप्रिलमध्ये बातमी फुटली. पुण्यातल्या एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. पुणे पोलिसांनी अटका केल्या. आत वही-पेन न्यायला बंदी होती म्हणून पोरांनी आकडे पाठ केले, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. आमच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दोन महिन्यांनी लंडनच्या ‘द सन’ने छापलं, की त्यांच्या वार्ताहराला दिल्लीकडच्या एका कॉल सेंटरमधल्या माणसाकडून हजार ब्रिटिश खातेदारांची माहिती विकत मिळाली.

तिकडे बोंब उठली. भारतात माहिती सुरक्षित नाही, कामं काढून घ्या. इकडे धाबं दणाणलं, कारण प्रश्न लाखो नोकऱ्यांचा होता. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. २००६च्या डिसेंबरात दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, आणि दोन वर्षं पडून राहिल्यावर २००८च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पसार झालं. चर्चा जवळपास नाहीच.

याच दुरुस्तीतून ६६ अ हे कलम आलं. ते सगळ्यांना आठवतं. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद होती, तेव्हा पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. २०१५च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यावर आपण सगळ्यांनीच भरपूर लिहिलं, मीही लिहिलं. पण त्याच गठ्ठ्यात ४३ अ आलं होतं, त्यावर मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती.

४३ अ म्हणतं, एखादी कंपनी लोकांची संवेदनशील वैयक्तिक माहिती आपल्या संगणकात ठेवत असेल, तिने ती जपण्यात हयगय केली आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर त्या माणसाला कंपनीने भरपाई द्यायची. बास. जुनी एक कोटीची मर्यादासुद्धा काढून टाकली. संवेदनशील म्हणजे काय ते २०११च्या नियमांत आलं. पासवर्ड, बँकेचा तपशील, आणि आजारपणाची, उपचारांची माहिती. काकूंचा गुडघा त्यात बसतो.

गंमत बघा. कलम जन्मलं अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांना धीर द्यायला. पण २०११चे नियम आल्यावर आउटसोर्सिंगवाल्या कंपन्याच ओरडल्या, की आता प्रत्येक परदेशी माणसाची लेखी संमती कुठून आणायची? ऑगस्टमध्ये केंद्राने खुलासा केला, की परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना संमती घ्यायचे आणि माहिती पुढे द्यायचे ते नियम लागू नाहीत. नियमांच्या त्या भागातून ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तेच बाहेर, आणि उरलो आपण. चुकून का होईना, कलम आपल्या पदरात पडलं.

पडलं, पण वापरायचं कुठे? कायद्याप्रमाणे पाच कोटींपर्यंतचे दावे प्रत्येक राज्याच्या आयटी सचिवाने ऐकायचे. न्यायाधीश नाही, आयएएस अधिकारी. फायलींच्या ढिगातून वेळ काढून दिवाणी न्यायालयासारखी सुनावणी घ्यायची आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यायचा. कित्येक राज्यांत ही खुर्ची नावालाच होती. महाराष्ट्रात मात्र राजेश अग्रवाल आयटी सचिव असताना त्यांनी ती खरोखर चालवली. मंत्रालयात सुनावण्या झाल्या, बँकांचे वकील समोर उभे राहिले, निकाल सविस्तर लिहिले गेले.

त्यातला २०१३ सालचा एक निकाल गुरुजींना मी पूर्ण वाचून दाखवला. पुण्यातली पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज ही कंपनी. तिच्या संचालकांना बँकेच्या नावाने खोटा ई-मेल आला, त्यांनी उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांवर रुपये गेले. म्हणजे हा शिकलेला, कारखाना चालवणारा माणूससुद्धा फसला. बँक म्हणाली, माहिती तुम्हीच दिलीत. आता सचिवांनी काय केलं? तक्रारदाराची चूक आहे हे मान्य केलं, नुकसानीचा काही भाग त्याने सोसावा असं म्हटलं. पण ज्या खात्यांत पैसे वळते झाले ती फसवणुकीसाठी उघडलेली, आणि ती पकडण्याची पुरेशी व्यवस्था बँकेकडे नव्हती, म्हणून बँकेला ४५ लाख द्यायला लावले.

गुरुजी ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे चूक वाटून घ्यायची."

मला हे वाक्य कुठल्याही वकिलाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. मी आजवर दिलेल्या शंभरेक बातम्यांत सगळी चूक एकाच माणसाच्या पदरात होती.

नंतर डुप्लिकेट सिमकार्डाच्या एका प्रकरणात बँकेबरोबर मोबाइल कंपनीलाही भरपाईचा वाटा उचलावा लागला. म्हणजे साखळीत जो जो झोपला होता, त्याला उठवायची सोय होती.

पण सरकारी गाडा तो. या निकालांवर अपील करायचं ते दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणात. त्याचे अध्यक्ष २०११च्या मध्यावर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी नेमलंच गेलं नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, २०१७ साली ते न्यायाधिकरण दूरसंचारच्या न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत खुर्ची रिकामी. डिजिटल इंडियाच्या घोषणा याच काळातल्या. अध्यक्षच नाही, मग अपिलावर निकाल कोण देणार? अपील करणाऱ्या बड्या बँकेला त्याने काय फरक पडतो? फरक पडतो पैसे गेलेल्याला.

२०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग न्या. श्रीकृष्ण यांची समिती. हे तेच, मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगाचे. त्यांनी २०१८ साली विधेयकाचा मसुदा दिला. त्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागायचा हक्क स्पष्ट होता. २०१९च्या सरकारी विधेयकातही तो राहिला. ते विधेयक २०२२ साली मागे घेतलं. नवा कायदा २०२३च्या ऑगस्टमध्ये झाला, आणि त्यात तो हक्क नाही.

मी दोनदा वाचलं. मग सोलापूरच्या एका ओळखीच्या वकिलांना फोन केला, म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, नाही, बरोबर वाचताय.

नव्या कायद्यात दंड मोठा आहे. माहिती जपली नाही तर २५० कोटींपर्यंत. आकडा बघून छाती दडपते. पण तो जातो कुठे? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, ज्याचे पैसे गेले, त्याला त्यातला रुपयाही मिळणार नाही. उलट नागरिकांसाठी कर्तव्यांची यादी आहे आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड. २०११च्या नियमांत आजारपणाच्या माहितीला वेगळा, वरचा दर्जा होता. नव्या कायद्यात तसा वर्गच नाही. काकूंचा गुडघा आणि काकूंचा मोबाइल नंबर एकाच मापात.

आणि या कायद्याचं कलम ४४. वाचायला अगदी कंटाळवाणं. इतर कायद्यांत काय बदल करायचे त्याची जंत्री. त्याच्या एका पोटकलमात लिहिलंय, की माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३ अ वगळण्यात येईल. पुढच्याच पोटकलमात माहिती अधिकाराच्या कायद्यात बदल, ज्याने वैयक्तिक माहितीच्या नावाखाली आम्हा पत्रकारांना नकार देणं सोपं झालं. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले तेव्हा माहिती अधिकाराचा बदल लगेच लागू झाला. ४३ अ वगळण्याला मात्र १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे साधारण मे २०२७.

सरकारी बाजूचं म्हणणं मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. ४३ अ फारसं कुणी वापरत नव्हतं, हे खरं. मोठ्या दंडाची भीती कंपन्यांना सरळ करेल, हेही होऊ शकतं. पण कुणी वापरत नव्हतं ते का? माहीतच नव्हतं. आमच्या तालुका कोर्टातल्या तिघा वकिलांना विचारलं, तिघांनीही आयटी सचिवांसमोर दावा चालतो हे पहिल्यांदा ऐकलं. वापर झाला नाही म्हणून विहीर बुजवायची, की तिला पायऱ्या बांधायच्या?

अजून एक खिडकी आहे. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा, २०२०च्या जुलैपासून लागू. त्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला सोडून दुसऱ्याला देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वेगळ्या खोल्यांत वाढलेले ते दोन कायदे इथे जेमतेम एकमेकांना भेटतात. पण माहिती ‘दिली’ हे सिद्ध करावं लागतं. ती हयगयीने सांडली असेल, तर कंपनीचा वकील त्याच शब्दावर बोट ठेवणार. ४३ अ मध्ये हयगय पुरेशी होती.

वकिलांच्या मते, कलम वगळण्याआधी घडलेल्या नुकसानीचा हक्क सहसा बुडत नाही, पण मुदतीच्या आत अर्ज दिलेला बरा. म्हणून आम्ही अर्ज तयार केलाय. एक विमा कंपनीला लेखी प्रश्न, की आमची माहिती कुणाकुणाकडे गेली. दुसरा मंत्रालयात, आयटी सचिवांच्या नावे, विमा कंपनी आणि मधली एजन्सी यांच्याविरुद्ध. फोन आला तो नंबर, वेळ, बँकेचं स्टेटमेंट, १९३०च्या तक्रारीचा क्रमांक, क्लेमचे कागद, सगळं क्रमाने लावलंय. आपण ओटीपी सांगितला हे गुरुजींनी पहिल्याच परिच्छेदात स्वतःहून घातलं. मी म्हटलं, खाली घेऊ या. नाही म्हणाले.

मी लिहिलेल्या मसुद्यात त्यांनी लाल पेनाने सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मंगळवारी रात्री कुर्डुवाडीहून सिद्धेश्वरने निघतोय. कुणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, गुरुजींची परवानगी आहे.